गळतीसाहेब

"ऑडिटर आलेत," असं वॉचमननं गेटवरून फोनवर सांगितलं आणि आमच्या ऑफिसातला पंखा सोडून बाकी सगळं थांबलं. आमचे मालक आण्णा यांनी हातातला कप बशीच्या कडेवर ठेवला, तो कलंडला. मी उठून आधी कपाटाला कुलूप लावलं आणि मग किल्ली कुठे ठेवली ते विसरलो. मार्च महिना, वर्षअखेर तोंडावर, टेबलावर कच्च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उघडा. शिरोली एमआयडीसीतल्या या बिडाच्या ओतकामाच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं हिशेब लिहितोय. ऑडिटर नावाच्या प्राण्यापुढे कुठली फाइल आधी ठेवायची, कुठली मागितल्याशिवाय काढायची नाही, चहाबरोबर खारी द्यायची की भडंग, हे सगळं शास्त्र मला तोंडपाठ आहे.

दारात उभा राहिलेला माणूस मात्र त्या शास्त्रात बसेना. पन्नाशीचा, बुटका, पाठीवर शाळकरी पोराची असावी तशी सॅक. कमरेला खेकड्याच्या नांगीसारखा एक चिमटा लटकलेला. मी घाईघाईनं रोकडवही पुढे केली. त्यांनी ती हातानंच बाजूला सारली, तर्जनी ओठांवर ठेवली आणि मान वाकडी करून ते शेडच्या दिशेनं काहीतरी ऐकू लागले.

"आवाज येतोय?"

"कसला?" आण्णांनी विचारलं.

"पैसे जाताहेत त्याचा."

आण्णांना घाम फुटला. हा माणूस इन्कम टॅक्सचा, अशी त्यांची त्या क्षणी खात्रीच झाली. मग खुलासा झाला. हे ऊर्जेचे ऑडिटर. आम्ही ज्या मोटार कंपनीला कास्टिंग पुरवतो तिच्या खरेदीवाल्यांनी 'ऊर्जा ऑडिट करून घ्या, नाहीतर पुढची ऑर्डर विसरा' असं कळवलं होतं, आणि ते पत्र मीच 'इतर' नावाच्या फायलीत लावून टाकलं होतं. रोकड, चिठ्ठ्या, खारी, भडंग, यांतल्या कशाचीच त्यांना फिकीर नव्हती. त्यांना आमचा कंप्रेसर बघायचा होता.

त्यांचं खरं नाव त्यांच्या बिलावर असतं. ते मी वाचतो, आण्णा सही करतात, बाकी कुणाला ते ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी मोल्डिंगच्या पोरांनी त्यांचं नाव 'गळतीसाहेब' ठेवलं आणि आठवड्यानं आण्णाही बोलता बोलता तेच म्हणून गेले. साहेबांनी ते पदवीसारखं स्वीकारलं.

खरी पदवी त्यांच्याकडे आहेच. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, १ मार्च २००२ ला केंद्र सरकारचं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सुरू झालं, आणि मग प्रमाणित ऊर्जा ऑडिटर होण्यासाठी परीक्षा आली. चार पेपर. ही परीक्षा साहेबांनी नोकरी करता करता दिली. त्या परीक्षेचा त्यांच्यावर झालेला परिणाम कायमचा आहे. त्यांना जगातली कुठलीही वस्तू युनिटात दिसते. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, हे ते 'रामकृष्णहरी'च्या चालीवर म्हणतात. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पोरांना गोळा करून सांगितलं, "मित्रांनो, एक युनिट वीज म्हणजे साधारण तीन वडापावांची ऊर्जा. एक युनिट वाया घालवलंत की तीन वडापाव गटारात."

मागून एक पोरगं म्हणालं, "मग साहेब, युनिट ऱ्हाऊ द्या. वडापावच द्या."

सगळी शेड हसली. साहेबांनी डायरीत काहीतरी टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी खरोखर चाळीस वडापाव आले, पण सोबत आकडेमोडीचा कागदही आला.

समजावून सांगायला त्यांना आमच्याच गावचे दाखले लागतात. विजेच्या बिलात केव्हीए आणि केडब्ल्यू असे दोन आकडे का असतात, हे एकवीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन्ही लिहीत होतो आणि दोन्हींना भीत होतो. साहेब मला संध्याकाळी थेट गंगावेशीत घेऊन गेले. कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढून पेला हातात. "बघा," ते म्हणाले, "पेला काठोकाठ. खाली दूध, वर फेस. अंगी लागतं ते दूध, म्हणजे केडब्ल्यू. अख्खा पेला म्हणजे केव्हीए. फेस अंगी लागत नाही, पण जागा अडवतो. पूर्वी फेस वाढला की दंड आणि घटला की बक्षीस असायचं. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे उच्चदाबाच्या ग्राहकाला सरळ पेल्याचाच हिशेब. आता कपॅसिटर बसवून फेस खाली बसवायचा की फेसाचे पैसे मोजत राहायचं, ते तुम्ही ठरवा." मी पेला तोंडाला लावला. मिशीवर फेस आला. "हा तुमचा पॉवर फॅक्टर," असं म्हणून त्यांनी माझ्या मिशीकडे बोट दाखवलं.

पण त्यांचा जीव कशावर असेल तर तो हवेवर. कारखान्याबाहेरच्या माणसाला हवा फुकट वाटते. कारखान्यात ती विजेनं दाबून टाकीत भरतात, पाइपातून फिरवतात, तिच्यावर ग्राइंडर चालतात, साचे झाडले जातात. साहेबांच्या मते यासारखा महागडा नोकर नाही. शंभर युनिटं खाऊ घालावीत तेव्हा फार तर दहा ते तीस युनिटांचं काम शेवटच्या नळीपर्यंत पोहोचतं. बाकीचं वाटेत उष्णता होऊन जातं, किंवा भोकांतून.

आमच्या कंप्रेसरवर मामा असतात. साठीला टेकलेले, कानांनी थोडे जड. चाळीस वर्षं कंप्रेसरशेजारी काढली की कानांचं दुसरं काय होणार? उन्हाळ्यात भट्टीवरची पोरं मामांकडे येतात आणि एअर गन शर्टात घालून अंगावर हवा मारून घेतात. साहेबांनी हे पाहिलं आणि ते ओरडलेच.

"अहो, काय करताय!"

"गार वाटतंय साहेब."

"ही हवा तुपापेक्षा महाग आहे! आणि अंगात शिरली तर जिवावर बेतेल ते वेगळंच." त्याच संध्याकाळी त्यांनी आण्णांच्या मागे लागून दोन उभे पंखे आणवले. मामा पुढे महिनाभर प्रत्येक पोराला सांगत होते, "हात लावू नगंस, तूप हाय त्येच्यात."

मग आला सुट्टीचा वार. कारखाना बंद असताना येणारा पाहुणा आम्ही पहिल्यांदाच पाहिला. सगळी यंत्रं बंद, एकट्या कंप्रेसरला चालू ठेवलं, आणि साहेब त्याच्यासमोर स्टूल टाकून स्टॉपवॉच घेऊन बसले. हवा कुणी वापरतच नाही म्हटल्यावर टाकी एकदा भरली की कंप्रेसरनं गप्प बसायला हवं. तो बसेना. दोन मिनिटं भार घ्यायचा, चार मिनिटं नुसता फिरायचा, पुन्हा दोन मिनिटं भार. दहा फेऱ्या मोजल्यावर साहेब उठले. चेहरा असा, की कोणाच्या तरी घरी वाईट बातमी सांगायची आहे.

"सहातली दोन मिनिटं," ते म्हणाले, "म्हणजे एक तृतीयांश. तुमचा कंप्रेसर जेवढी हवा करू शकतो तिचा तिसरा हिस्सा भोकं खातात. कारखाना चालू असतानाही खातात, पण तेव्हा ऐकायला कोण मोकळं आहे? पन्नास हॉर्सपॉवरचं यंत्र, म्हणजे सदतीस किलोवॅट. त्याचा तिसरा भाग बारा. दिवसाला वीस तास चालतं. झाली की नाही दोनशे चाळीस युनिटं?"

मी कॅल्क्युलेटर काढला. युनिटला नऊ रुपयांनी दिवसाला एकवीसशे साठ. तीनशे दिवसांचे साडेसहा लाख. मी तो आकडा तीनदा केला, कारण माझा वर्षाचा पगार त्याच्या खाली होता.

पुढचे चार तास आम्ही तिघे भोकं शोधत हिंडलो. साहेबांच्या हातात एक यंत्र होतं, ते माणसाला ऐकू न येणारी शीळ ऐकतं. पण त्यांचा जास्त भरवसा साबणाच्या पाण्यावर आणि दाढीच्या ब्रशवर. जोडावर फेस फासायचा आणि बुडबुडा येतो का बघायचं. बुडबुडा आला की त्यांचा चेहरा नातवाच्या पहिल्या दाताला पाहिल्यासारखा व्हायचा. भोक सापडलं तिथे लाल फीत बांधायची. संध्याकाळी त्रेचाळीस फिती झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आण्णा शेडमध्ये शिरले आणि थबकले. "ह्यो नवस कुणी बोललाय रे?"

साहेबांचा अहवाल एप्रिलात आला. एकशे अठ्ठावीस पानं, स्पायरल बांधणी, मुखपृष्ठावर हिरवं पान. आत शिफारशींचे तीन भाग होते: बिनखर्ची, थोड्या खर्चाच्या आणि भांडवली. पहिल्या भागात लिहिलं होतं की नळ्यांच्या क्लिपा बदला, जोडांना टेफ्लॉन टेप मारा, दाब साडेसात किलोवरून साडेसहावर आणा, त्या एका किलोत सहा-सात टक्के वीज वाचेल. कंप्रेसर भट्टीशेजारची तापलेली हवा ओढतोय, त्याला बाहेरची हवा द्या, कारण हवा चार अंशांनी तापली की एक टक्का वीज जास्त लागते. दुसऱ्या भागात भट्टीचं झाकण होतं. तिसऱ्या भागात, अगदी शेवटच्या पानावर, 'छतावरील सौर ऊर्जा' असा एक परिच्छेद होता.

आण्णांनी अहवाल उलटा उघडला.

आण्णांना दोष देण्यात अर्थ नाही. अपारंपरिक ऊर्जेचं त्यांना जुनंच वेड आहे. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या बघून आले, तेव्हा शेडवर एक बसवायची म्हणून त्यांनी क्रेनवाल्याला फोनही केला होता. शिर्डीला गेले, तर साईबाबांच्या दर्शनाआधी प्रसादालयाच्या छतावरच्या त्या त्र्याहत्तर तबकड्याच बघत राहिले. उन्हाची वाफ करून तिच्यावर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो म्हटल्यावर त्यांनी साहेबांना तिथूनच फोन लावला. "साहेब, ह्याच्यावर आपलं बीड वितळंल का?" साहेब शांतपणे म्हणाले, "आण्णा, भाताला शंभर अंश पुरतात. बिडाला चौदाशेच्या पुढे लागतात. बाबांकडे मागून बघा."

मग कँटीनच्या उष्ट्यावर गोबरगॅससारखा प्लांट करायची टूम निघाली. यावर मात्र साहेब हळवे झाले. हा त्यांचा श्रद्धेचा विषय आहे. आप्पासाहेब पटवर्धनांच्या कामावरून स्फूर्ती घेऊन देहूत डॉ. मापुस्करांनी शौचालयाला जोडलेले गॅसप्लांट कसे उभे केले, मरणोत्तर २०१७ साली त्यांना पद्मश्री कशी मिळाली, हे त्यांनी आण्णांना अर्धा तास ऐकवलं. देहूला जातात तेव्हा तुकोबांच्या आधी ते तो प्लांट बघतात, असा त्यांच्या मंडळींचा आरोप आहे. पण आमच्या कँटीनची पाहणी करून आल्यावर ते खिन्न होते. "कच्चा मालच नाही," ते म्हणाले. "कोल्हापूरचा माणूस ताटात रस्सा ठेवतो कुठे? पाव पुसून ताट इतकं लख्ख करतात, की त्यावर सौर तबकडी होईल. गॅस व्हायचा नाही."

शेवटी उरलं सोलर. सोलरवाला आला तो साहेबांच्या अगदी उलट. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टॅब्लेट, त्यावर आमच्याच शेडचं चित्र, निळ्या काचांनी झाकलेलं, आणि वर उडणारे चार पांढरे पक्षी. शिरोलीत असे पक्षी मी कधी पाहिले नाहीत. शंभर किलोवॅट, दहा हजार चौरस फूट छत, कर्जाची सोय, आणि मोबाइलवर दिसणारी रोजची युनिटं. आण्णा पक्ष्यांवरच भाळले.

साहेबांना मत विचारलं, तेव्हा त्यांनी पाटीवर गणित मांडलं. ते सोलरच्या विरोधात नाहीत. स्वतःच्या घरावर त्यांनी ते केव्हाच बसवलंय. "आपल्याकडे एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिटं धरा. शंभरचे झाले चारशे. आता भट्टीत एक टन बीड पातळ करायला तुम्हाला सव्वासहाशे लागतात. म्हणजे दहा हजार फूट छतानं दिवसभर ऊन गोळा केलं, तरी तुमची एक टनाची भट्टी एकदाही पातळ होत नाही. शिवाय भट्टी तुम्ही पेटवता रात्री." हे खरं होतं. तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा विजेच्या दरात सवलत होती, त्यामुळे आमचा लोखंडाचा संसार घुबडांसारखा रात्री चालायचा. "सूर्य दिवसपाळीचा, भट्टी रातपाळीची. नेट मीटर हिशेब सांभाळेल, दिवसा ग्राइंडर आणि वाळूचा प्लांट ती वीज खाईल, बसवा जरूर. पण आण्णा, तुमच्या कंप्रेसरच्या भोकांतून रोज दोनशे चाळीस युनिटं जातात. म्हणजे साठ किलोवॅटचं सोलर तुमच्या शेडमध्ये आत्ताच आहे, फक्त ते उलटं चाललंय. आधी ते बंद करा. मग छतावर किती लागतं ते बघू."

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्घाटनाला आमदारांना बोलवायचं का पालकमंत्र्यांना?"

मला तेव्हा या माणसाच्या धंद्यातलं दुःख कळलं. नवं काही आणलं की त्याला नारळ फुटतो, फीत कापली जाते, पेपरात फोटो येतो. फुटक्या नळीला चाळीस रुपयांची क्लिप मारली, तर फोटो कशाचा काढायचा? आणि माझ्या हिशेबातही तीच गत. खर्चाला व्हाउचर असतं, जमेला पावती असते. जे गेलंच नाही त्याची नोंद मी कुठल्या खात्यावर टाकू?

झाकणाची तर कथाच निराळी. वितळलेल्या रसाचं तोंड उघडं राहिलं, की त्यातून नुसत्या झळेवाटे तीस-चाळीस किलोवॅट उडून जातात, असं साहेबांचं गणित. तोंड केवढं? परातीएवढं. लॅबमधून नमुन्याचा रिपोर्ट येईपर्यंत रस तसाच उघडा उकळत असतो आणि सगळे त्याच्याभोवती उभे राहून तंबाखू मळतात. झाकण कुणी केलंच नव्हतं असंही नाही. तीन वर्षांपूर्वी भट्टीबरोबरच आलं होतं. साखळी तुटली म्हणून काढून ठेवलं, ते आता वॉचमनच्या पाण्याच्या टाकीवर होतं. "टाकीतलं पाणी गार राहतंय बघा त्येच्यानं," वॉचमननं अभिमानानं सांगितलं. साहेब त्या झाकणाशेजारी बराच वेळ उभे राहिले.

त्यांना ही विद्या परीक्षेनं दिली, असं मी समजत होतो. बिलाचा चेक द्यायला एकदा त्यांच्या घरी गेलो आणि गैरसमज दूर झाला. स्वयंपाकघरात त्यांच्या मातोश्री होत्या, वय पंच्याऐंशी. भाताला पहिली उकळी आली तशी त्यांनी गॅस बंद केला, पातेल्यावर घट्ट झाकण बसवलं आणि पातेलं जुन्या गोधडीत बाळासारखं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. "शिजतो आपला आपण," त्या म्हणाल्या. साहेब आईसमोर मान खाली घालून बसले होते, कारण न्हाणीघरातला दिवा चालू राहिला होता.

"हा तुमच्याकडे काय करतो हो?" मातोश्रींनी मला विचारलं.

मी सांगितलं की भट्टीवर झाकण ठेवायला सांगतात.

"आणि त्याचे पैसे देता?" त्यांनी डोळे मोठे केले. "मग ठेवता का झाकण?"

मी चहा पिऊ लागलो.

रात्रभर मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी मामांना बोलावलं आणि आयुष्यातला पहिला घोटाळा केला. क्लिपा, नळ्या, टेप, सहा व्हॉल्व्ह आणि झाकणाची साखळी, असं एकूण अकरा हजार चारशे रुपयांचं सामान मी 'किरकोळ दुरुस्ती' खात्यावर टाकलं. आण्णांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. दोन सुट्ट्यांत मामांनी एकेक लाल फीत उतरवली. साहेब दाढीचा ब्रश घेऊन मागोमाग होतेच. वॉचमनच्या टाकीला पत्रा दिला, झाकण भट्टीवर गेलं.

ऑगस्टात सोलर बसलं. नारळ फुटला, फीत कापली गेली. साहेबांना निमंत्रण होतं. मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते भाषणांच्या मधल्या शांततेत मान वाकडी करून ऐकत होते. काही ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी समाधानानं पेढा खाल्ला.

सप्टेंबरचं बिल आलं आणि आण्णा खुर्चीतून उठले. सोलरवाल्यानं सांगितलं होतं त्याहून कितीतरी जास्त बिल उतरलं होतं. "बघितलासा?" ते मला म्हणाले. "सूर्याची ताकद!" असोसिएशनच्या बैठकीत त्यांनी सूर्यावर वीस मिनिटं भाषण केलं. येईल त्याला मोबाइल दाखवून आजची युनिटं सांगायची, हा त्यांचा नित्यक्रम झाला. ढग आले की ते स्वतः आजारी असल्यासारखे दिसायचे.

मला राहवेना. "साहेब, खरं सांगून टाका की. ह्यात निम्म्याहून जास्त आपल्या क्लिपांचं आहे."

"बिल उतरलं ना?" ते म्हणाले. "मग श्रेय सूर्याला जाऊ दे. तो वडीलधारा आहे." पण बोलताना त्यांनी कमरेचा चिमटा उगाचच दोनदा उघडून मिटला, ते मी पाहिलं.

वाचलेल्या पैशांतून आण्णांनी केबिनला एसी बसवला आणि अठरावर लावला. साहेब आत गेले, शहारले, बाहेर आले. "जेव्हन्स," एवढंच म्हणाले. मला वाटलं शिंकले. मग कळलं, हा इंग्लंडातला अर्थशास्त्री. वाफेची इंजिनं सुधारून कोळसा कमी खायला लागली, तेव्हा देशाचा कोळसा वाचायच्या ऐवजी जास्तच संपायला लागला, कारण स्वस्त झालं म्हणून जो तो वापरू लागला, असं त्यानं १८६५ साली लिहून ठेवलंय. "दीडशे वर्षं झाली," साहेब म्हणाले, "अजून त्याला आण्णा भेटतच आहेत." जाता जाता त्यांनी एसी चोवीसवर केला. २०२० पासून नव्या एसीला कारखान्यातूनच चोवीस लावून देतात, ते कशाला बदललंत, असं रिमोटलाच विचारलं.

आणि मग खंडेनवमी आली. वर्षातून त्या दिवशी आमच्याकडे यंत्रं माणसांसारखी न्हाऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी असतात. साडेदहाला मामांनी कंप्रेसर बंद केला आणि त्याला माळ घातली. भट्टीला हार, ग्राइंडरला हार, सोलरच्या इन्व्हर्टरला सगळ्यांत मोठा. अकरा वाजता आरती सुरू झाली. तेवढ्यात साहेब स्कूटरवरून आले, गाडी शेडच्या दारातच लावून मागे येऊन उभे राहिले.

एक आरती संपली आणि दुसरी कुणी उचलायची, या घोळात क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेत बारीक आवाज आला. स्सस्स.

आण्णांनी तबक खाली केलं. मान वाकडी केली. "कुठनं याय लागलंय रे त्ये?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ज्या माणसानं एकशे अठ्ठावीस पानं उलटी उघडली, तो माणूस आपल्या कानानं गळती ऐकत होता! आण्णा तबक हातात घेऊन निघाले, मागे गुरुजी, त्यांच्यामागे चाळीस पोरं. आण्णा कंप्रेसरपाशी थांबले, तिथे नाही. ग्राइंडरच्या नळीला कान लावला, तिथे नाही. आवाजाचा माग काढत वरात शेडच्या दारापर्यंत आली.

आवाज साहेबांच्या स्कूटरच्या मागच्या चाकातून येत होता.

कुणी हसेना. साहेब खाली वाकले, व्हॉल्व्हला बोट लावलं आणि मंद स्वरात म्हणाले, "पिन ढिली झालीय." मामांनी पिन घट्ट केली, पण तोवर टायर बसलं होतं. कंप्रेसरला तर हार घातलेला; खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं.

"थांबा," मामा म्हणाले आणि टाकीकडे गेले. पूर्वी कंप्रेसर बंद केला की पाच-सात मिनिटांत टाकीचा काटा शून्यावर यायचा. आता बंद होऊन अर्धा तास उलटला होता. मामांनी काट्यावरची झेंडूची पाकळी झटकली. काटा तीन किलोवर उभा होता. वाचलेली हवा आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितली.

मामा लांब नळी ओढत स्कूटरपाशी आले. व्हॉल्व्हला लावण्याआधी ते थांबले, आणि कानांनी जड माणूस बोलतो तसं सगळ्या शेडला ऐकू जाईल असं बोलले.

"भरतो साहेब. पण ही हवा लई म्हाग हाय. बिल कुणाच्या नावानं फाडायचं?"

आण्णा सगळ्यांत आधी हसले. हसता हसता माझ्याकडे वळून म्हणाले, "किरकोळ दुरुस्तीत टाका." म्हणजे ती सही त्यांनी न वाचता केली नव्हती की काय, हे मी आजतागायत विचारलेलं नाही.

दसरा झाल्यावर मी कच्च्या वहीत एक नोंद केली. वाचलेल्याचं खातं काढायची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर केली: 'हवा, शिल्लक. टायर एक. रक्कम निरंक.' मार्चमध्ये रोकडीचे ऑडिटर आले. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि हे काय म्हणून विचारलं.

मी त्यांना खारी आणि भडंग दोन्ही दिलं.